काटा जागेवर

गल्लीच्या तोंडाशी गाड्यांच्या बॅटऱ्या चार्ज करून देणारं एक अरुंद दुकान होतं. ते चालवणाऱ्या नवरा-बायकोला सगळे दादा आणि वहिनी म्हणत. चार्जर दादांनी स्वतः बांधलेला, एका बटणाने करंट कमी-जास्त करायचा. मीटर त्याला नव्हताच. ट्रान्सफॉर्मरची घरघर ऐकायची, बॅटरीच्या अंगाला हात लावायचा, की दादांना कळायचं.

मग दादांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही. एकच शब्द उरला, ‘नको’. चहा हवा असला तरी नको, नसला तरी नको. कुठला नको खरा, ते वहिनींनी चेहऱ्यावरून ओळखायचं.

दुकान वहिनींनी उघडं ठेवलं. दादांची खुर्ची आत मांडली. पण ती घरघर त्यांना काही केल्या उमगेना. कधी बॅटरी अर्धवट राही, कधी आतलं पाणी उकळून बाहेर येई. जुनी गिऱ्हाइकं तक्रार न करता पुरे पैसे ठेवून जात, आणि वहिनींना तेच जास्त लागे.

एक दिवस त्या बाजारातून स्वस्तातला काट्याचा अँपिअर मीटर घेऊन आल्या. तबकडीवर शून्य ते तीस आकडे होते. वहिनी तारा जोडू लागल्या तसे दादा खुर्चीतून ओरडायला लागले, “नको! नको!”

“झालं यांचं सुरू,” म्हणत वहिनींनी चार्जर चालू केला. काटा सटकन पलीकडच्या टोकावर जाऊन आपटला. त्यांनी घाबरून तार ओढून काढली.

“अहो, मग नीट सांगायचं ना!”

बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली. दादा मात्र हसले. आजारानंतर पहिल्यांदाच हसले, अर्ध्या तोंडाने, पण पोटभर.

शेजारच्या गॅरेजवाल्याने मीटर उलटसुलट करून पाहिला. “वहिनी, नशीब, जळला नाही. याच्या पोटातली तार केसाएवढी. हिला शंट लागतो. म्हणजे बाजूने एक जाड तार. बहुतेक करंट तिच्यातून जाऊ द्यायचा, याला नुसती चव दाखवायची.”

दादांनी डाव्या हाताने भंगाराच्या डब्याकडे बोट केलं. वहिनींनी एक तांब्याची तार काढली. “नको.” पण भुवया वर गेल्या नव्हत्या, म्हणजे हा नको खरा नसावा असं धरून वहिनींनी तीच जोडली. काटा मधे उभा राहिला आणि मग हळूहळू वर सरकायला लागला. तारेला हात लावला तर चटका बसला. तार बारीक होती. तापली की काटा खोटं बोलू लागायचा.

दादांनी पुन्हा डब्याकडे बोट केलं. या वेळी हातभर लांब, जाड तार निघाली. वहिनींनी ती सोलून लाकडी फळीवर ठोकली. चार्जरचा करंट तिच्या दोन टोकांना दिला. मीटरची एक तार एका टोकाला कथलाचा डाग देऊन पक्की केली, दुसरीला चिमटा लावला, तो जाड तारेवर हवा तिथे सरकवता येई. गॅरेजवाल्याने आपला चांगला मीटर त्याच वाटेत जोडला. त्याने दहा दाखवले. वहिनींचा बारावर.

“चिमटा कुठे सरकवू? पुढे का?”

“नको.”

वहिनींनी मान वळवून पाहिलं. दादांच्या कपाळाला आठी होती. वहिनींनी चिमटा मागे आणला, नखाएवढा, मग आणखी एवढासा. काटा उतरत उतरत दहावर आला. दादांनी डाव्या हाताने खुर्चीच्या दांड्यावर थाप मारली.

तिथेच वहिनींनी डाग दिला. डाग ओबडधोबड पडला. गॅरेजवाला म्हणाला, “दिसायला भयंकर आहे, पण बरोबर आहे.” मग बटण फिरवून पाचावर पाहिलं, पंधरावर पाहिलं. दोन्ही मीटर जोडीने चालले.

मीटर खुर्चीसमोर, दादांच्या नजरेच्या उंचीवर बसवला. तेव्हापासून काट्याकडे बघायचं काम त्यांचं. करंट चढला की ते डाव्या हाताशी असलेलं बटण फिरवून तो खाली आणतात. बोलणं फारसं सुधारलं नाही. पण गिऱ्हाईक आलं की आता त्यांच्याशीच बोलतं, आणि वहिनी दुपारी आतल्या खोलीत जाऊन निवांत पाठ टेकतात.