मासा शुक्रवारचा, कागद एल्रॉयचे

रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी आर्डिस कुबिट्झ 'थांबा'च्या पाटीपाशी गाडी थांबवते. डावीकडे बघते, उजवीकडे बघते, आणि एखादी खार आडवी आलीच तर तिला आधी जाऊ देते. विस्कॉन्सिनमध्ये आमच्या तळ्याकाठी तिचं हॉटेल आहे. शुक्रवारी संध्याकाळी तळलेला मासा खायला सगळं गाव तिथं लोटतं.

पण गेल्या आठवड्यात तिचा आचारी नोकरी सोडून फ्लोरिडाला मुलीकडे निघून गेला, आणि शुक्रवारचा मासा आर्डिसच्या बहिणीनं, बर्निसनं तळला. त्याविषयी गाव अजून हलक्या आवाजात बोलतं. आणखी एक शुक्रवार तसा गेला असता, तर गिऱ्हाइकं पलीकडच्या काठावरच्या हॉटेलात जाऊन बसली असती ती कायमचीच.

म्हणून मंगळवारी आर्डिसनं एल्रॉय तेशला कामावर घेतलं. चर्चच्या जेवणावळींत फुकट मासे तळता तळता एल्रॉयची सत्तरी उलटलेली. दोघं पहिलीपासून एका वर्गात.

"आता कागद," आर्डिस म्हणाली.

"कसले?"

"तू तूच आहेस आणि तुला या देशात काम करायची मुभा आहे, याचे. अस्सल हवेत, शुक्रवारपर्यंत. नाहीतर तुला तळणीपाशी उभं करता येणार नाही."

"अगं, तिसरीत माझ्या डब्यातलं सॉसेज पळवलंस, तेव्हा मी कोण होतो?"

"तेव्हा मी मालकीण नव्हते."

तिनं सरकारी यादी पुढे ठेवली आणि सवयीनं जेवणाचे पदार्थ सांगावेत तशी सांगितली. "पहिल्या रांगेतलं एक घेतलंस की तेवढ्यात भागतं. नाहीतर दुसरीतलं एक आणि तिसरीतलं एक."

एल्रॉयनं चष्मा चढवला. "यात चांगलं काय आहे?"

आर्डिसनं ओठ आवळले. मालकानं यादी दाखवायची, अमुकच कागद आण म्हणायचं नाही, असा कायदा. जिनं जन्मभर न विचारता गिऱ्हाइकांना सल्ले दिले, तिच्या तोंडाला हे कुलूप!

बुधवारी एल्रॉयनं गाडीचा परवाना आणला आणि सोबत सैन्यभरतीचा जुना कागद.

"दोन्ही मधल्याच रांगेतले," आर्डिस म्हणाली. "तिसरीतलं काहीतरी हवं."

"मला मधलीच आवडते."

गुरुवारी त्यानं खिशातून सोशल सिक्युरिटीच्या सरकारी नंबराचं चकचकीत पत्र्याचं कार्ड काढलं. आईनं मासिकातली जाहिरात बघून करवून घेतलेलं.

"हे सरकारनं दिलेलं नाही रे. ही तुझ्या आईची हौस."

मग त्यानं इस्पितळाची आठवण म्हणून जपलेला कागद उलगडला. त्यावर तान्ह्या एल्रॉयच्या इवल्या पावलांचे ठसे. "जुळवून बघ," म्हणत तो बूट काढायलाही लागला.

"बघ की गं, अंगठा तोच आहे!" बर्निस खिदळली. "अरे एल्रॉय, ते जाऊ दे, तू सरळ कचेरीत जाऊन तुझा—"

आर्डिसनं तिच्या तोंडात अख्खा पाव कोंबला.

शुक्रवारी साडेचार वाजले. टेबलं भरली, खिडकीपाशी एका आजोबांचा वाढदिवस मांडला गेला, आणि एल्रॉयचा पत्ता नाही. बर्निसनं मोठ्या उत्साहानं एप्रन बांधला. ते दिसताच आजोबांनी कोट अंगात घातला. पाठोपाठ तीन टेबलांवरचे कोट उठले.

तेवढ्यात दार ढकलून एल्रॉय आत आला. धापा टाकत. "यादी वाचली शेवटी! जन्माचा दाखला! कौंटीच्या कचेरीतून, शिक्क्यासकट!"

आर्डिसनं उठावदार शिक्क्यावरून बोट फिरवलं. परवान्यावरचा फोटो बघितला, एल्रॉयकडे बघितलं, पुन्हा फोटो बघितला. कोट चढवलेली गिऱ्हाइकं दारापाशीच थांबली.

"माणूस तोच आहे," तिनं जाहीर केलं आणि सही ठोकली.

टाळ्या पडल्या. कोट खुर्च्यांवर परतले. तळणीत पहिली खेप चरचरली, आणि तिच्याबरोबर चार दिवस कोंडलेली आर्डिसही.

"आता ऐक! हा शर्ट तुला शोभत नाही. दाढेचं दुखणं अंगावर काढू नकोस. त्या खटाऱ्याची चाकं बदल. अन् विधवा ग्रेटाला पत्ते खेळायला बोलाव, ती वाट बघतेय!"

"आर्डिस," एल्रॉय झाऱ्यानं मासा उलटवत म्हणाला, "आणखी एखादा कागद बाकी असेल तर बघ ना गं!"