वरून दिसलेलं हिरवं

खाडीकाठी कुठे किती भराव पडला, याचे ड्रोनने फोटो काढणं हे माझं काम. वरून माणसं दिसत नाहीत, कुणाशी बोलावं लागत नाही, म्हणून मला ते बरं वाटतं.

पौषात काकांकडे गेले होते. भातं कधीच झोडून झाली होती. गुडघ्यांमुळे काका कापणीनंतर खारीवर, म्हणजे खाडीलगतच्या शेतावर, फिरकले नव्हते. म्हणाले, "आपल्या खारीवरून उडव की जरा."

फोटो मोबाइलवर उघडला. सगळीकडे करडं, फक्त खाडीकडच्या आमच्या कोपऱ्यात दाट हिरवं.

"बघा, आपले वाल कसे तरारलेत," काकू म्हणाली.

"मंग यंदा पोपटी तुमच्याकडंच," शेजारीण डोकावून म्हणाली. "भाजायला मडकं मी आणते, शेंगा तुमच्या."

दोघी हसल्या. काका हसले नाहीत.

"वाल आपण पेरलेत कुठं?"

मी फोटो मोठा केला. ते तिवर होतं, खाडीतली खारफुटी. खारं पाणी आत आलं की त्याचं बी वाहत येऊन रुजतं. मग तिथे भात होत नाही, आणि तिवर तोडायला कायद्याने मनाई. गेल्या वर्षीचा फोटो शेजारी लावला. समोरच्या काठावर गोदामासाठी भराव पडला होता, त्याने खाडी अरुंद झाली होती आणि पाण्याचा सगळा जोर आमच्या बांधावर वळला होता.

काकूने मोबाइल माझ्या हातून घेऊन खाली ठेवला.

"अमावास्येचं उधाण हाय आज," काका म्हणाले. "पाणी कुठनं शिरतं ते वरून सांग. तेवढं बुजवलं तर बाकीचं शेत राहील."

गुडघे दुखत असतानाही ते फावडं घेऊन बांधावर चढले. मी घराच्या अंगणातून ड्रोन उडवला. भरती चढत होती. काकांशी फोन चालूच होता.

"इथं का, बाय?"

"अजून पुढे."

"इथं?"

मी नीट पाहिलं. मला एखादं भोक सापडेल असं वाटलं होतं. पण बांधाची आतली अख्खी कड पाझरून ओली चकाकत होती, काका उभे होते तिथेही, आणि ते आले होते त्या वाटेवरही.

"बोल की. कुठं माती टाकू?"

"काका," मी म्हणाले, "तुम्ही आधी मागे फिरा."