आधी संडास दाखवा

कुठल्याही कोठडीत गेली की आक्का अशिलाला भेटण्याआधी तिथला संडास बघायची. सोलापूरच्या कोर्टात आम्ही दोघं एकाच टेबलावर वकिली करायचो. या सवयीपायी लोक पाठीमागे तिला काय म्हणत, ते इथे लिहवत नाही. अक्कलकोटची बाई, अंगावर काळा कोट चढला तरी बोली सुटली नव्हती. म्हणायची, "सायेब गोड बोलत्यात. संडास खोटं बोलत न्हाय."

कोरोनाच्या साथीत तिच्याकडे अलीमचाचांचं काम आलं. चाचा बांगलादेशी शिंपी. कागदपत्रांशिवाय राहिल्याची शिक्षा त्यांनी केव्हाच भोगली होती, पण सीमा बंद, म्हणून परत पाठवता येईना. अशा सगळ्यांना गावाबाहेरच्या एका सरकारी गोदामात कोंडलं होतं. चाचांचा खोकला थांबत नव्हता. त्यांना दवाखान्यात हलवा आणि बाकीच्यांना पाणी, साबण, जागा द्या, एवढंच आक्काचं हायकोर्टाकडे मागणं होतं.

आम्ही गोदामात गेलो तेव्हा तिथले साहेब नाकाला रुमाल लावून लांबच उभे राहिले. सगळ्यांत मिळून एक संडास. तोही तुंबलेला, मैला उंबऱ्याबाहेर आलेला, आणि तिथेच शेजारी चाचांची चटई. मी तोंड फिरवलं. आक्का पदर खोचून आत गेली.

चाचा खोकत म्हणाले, "बेटी, पानी नहीं आता. हाथ कैसे धोएँ?"

साहेब रुमालाआडून म्हणाले, "यांना सवय असते हो, मॅडम."

त्या वाक्याची मला त्या घाणीपेक्षा जास्त किळस आली. अजून येते.

सुनावणी लॅपटॉपवर झाली. सरकारने प्रतिज्ञापत्राला एका चकचकीत संडासाचा फोटो जोडला होता. फोटो काढणाऱ्यालाही खऱ्या संडासात पाय टाकवला नसणार. चिडली की आक्काचं इंग्रजी संपायचं, आणि न्यायमूर्ती मराठीच होते. ती म्हणाली, "ह्यात आरसा हाय, खुंटीला टॉवेल हाय. कोंडलेल्या माणसाला टॉवेल कोन देतंय? ह्यो सायबांचा संडास हाय!"

सरकारी वकिलांनी खुलाशासाठी मुदत मागितली. ती मिळाली. त्या मुदतीत चाचा गेले.

पुढच्या तारखेला तेच वकील शांतपणे म्हणाले, "अर्जदार मयत झाल्याने याचिकेत आता काही उरलेलं नाही."

"अर्जदार मेला," आक्काचा आवाज चिरकला, "पर संडास हाय की अजून!"

त्या दिवशी आदेश निघाला आणि बाकीच्यांना तिथून हलवलं. कोर्टातल्या बाररूममध्ये कुणीतरी पेढे आणले. आक्काने हात पुढे केला नाही.

गेल्या महिन्यात आक्का गेली. शोकसभेला तेच साहेब आले होते, आता बढती मिळालेले. मॅडमना स्वच्छतेची केवढी तळमळ होती, यावर ते बराच वेळ बोलले. मला ऐकवेना. मी उभा राहून विचारलं, "साहेब, ते गोदाम आठवतं का?"

त्यांचा हात आपसूक खिशात गेला आणि रुमाल नाकावर आला.