ज्युडचं ठरलं होतं

दुमिंगकाकांनी मला कधीच फोन केला नव्हता. त्यांचा नंबर माझ्याकडे होता, कारण कॉलेजात असताना ज्युडचा मोबाइल कायम मेलेला असायचा आणि तो वडिलांच्या फोनवरून निरोप द्यायचा. त्यामुळे त्या सकाळी माणिकपूरच्या आमच्या ऑफिसात चहा यायच्या सुमारास ‘ज्युडचे बाबा’ असं स्क्रीनवर उमटलं, तेव्हा उचलायच्या आधीच वाटलं, बातमी बरी नाही. मी शकुन-अपशकुन मानणारा माणूस नाही. म्हणजे तसं मी सगळ्यांना सांगतो. पलीकडून काका एवढंच म्हणाले, “तू ये. त्याला घरी आनलाय.” आणि फोन चालूच राहिला... मागून बायकांचे आवाज येत होते, त्यातला एक फिलोमावशींचा, ज्युडच्या आईचा होता. रिक्षात बसल्यावर पाचूबंदरपर्यंत मी मनाला समजावत होतो की ताप असेल, पडला असेल, हातपाय मोडला असेल. त्यांच्या गल्लीत शिरलो तर वर सणाच्या रंगीत पताका लागलेल्या. चर्चचा सण तोंडावर आला होता. त्या पताकांखाली माणसं गप्प उभी होती आणि मला बघून त्यांनी न सांगता वाट करून दिली. तेव्हा कळलं, ज्युड गेला.

तो समुद्रात गेला. कसा, ते पुढे सांगतोच. पण त्याचं जाणं त्या सकाळी सुरू झालं असं मला वाटत नाही. ते कॉलेजातच सुरू झालं होतं, आणि आम्ही सगळे ते हसत हसत बघत होतो.

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी हजेरीत आमची नावं जवळजवळ होती म्हणून आम्ही प्रॅक्टिकलला एका टेबलावर आलो. तो पाचूबंदरचा, ख्रिस्ती कोळ्यांचा, घरची होडी. मी आगाशीचा वाडीवाला, घरी केळी आणि नारळ. तो मला सुके बोंबील आणून द्यायचा, मी त्याला केळ्यांचे घड. दोघांच्याही आयांना हा व्यवहार फार आवडायचा. शेवटच्या वर्षाला मात्र वर्गात ‘पुढे काय’ नावाची साथ आली आणि एकेक जण तिच्या तडाख्यात सापडला. कोणी एम.बी.ए.च्या क्लासला गेला, कोणी कॅनडाची स्वप्नं बघू लागला, मी बँकेच्या परीक्षांची पुस्तकं घेऊन बसलो. ज्युड म्हणायचा, “बघू.” ढ नव्हता तो, आळशी तर मुळीच नव्हता. कॉम्प्युटरच्या क्लासला गेला, औषधाच्या कंपनीत माझा टाय लावून मुलाखत देऊन आला, एका शाळेत प्रयोगशाळेचं कामही थोडे दिवस करून बघितलं. प्रत्येक ठिकाणाहून परत यायचा आणि म्हणायचा, “वाईट नव्हतं रे. पण माझं नव्हतं.” मग तुझं कुठलं, असं मी चिडून विचारलं की तो खरोखर विचारात पडायचा. त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर जी भीती दिसायची ती मला बघवत नसे. बाकीचे आम्ही नापास व्हायला घाबरत होतो. तो चुकीच्या ठिकाणी पास व्हायला घाबरत होता.

घरात त्याला बसवत नसे. घर लहान, आणि फिलोमावशींकडे मासळीच्या व्यवहारासाठी बायकांची सतत ये-जा. येईल ती बाई ओट्यावर टेकायची आणि पोरगा दिसला की पहिला प्रश्न तोच, पुढे काय. म्हणून जेवण झालं की ज्युड सायकल काढून चर्चमध्ये जायचा आणि शेवटच्या बाकावर बसून राहायचा. तिथला पंखा चांगला चालायचा. दुपारचं तिथे कोणी नसायचं, आणि जो कोणी होता तो काही विचारत नव्हता, असं तोच मला हसत हसत म्हणाला होता. कधी पुस्तक वाचायचा, कधी चक्क झोपायचा. संध्याकाळच्या रोझरीसाठी, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेसाठी, लवकर येणाऱ्या बायकांना हा मान खाली घालून बसलेला दिसू लागला. एकदा दिसला, रोज दिसू लागला... आणि मग तो शब्द निघाला. पाचारण. म्हणजे देवाने धर्मगुरू होण्यासाठी दिलेली हाक. आमच्याकडे पोरगा काही ठरवत नसेल तर त्याला बिनकामाचा म्हणतात. त्यांच्याकडे तसा पोरगा चर्चमध्ये बसलेला सापडला, आणि सगळ्या गल्लीने मिळून त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ लावून टाकला.

हे समजून घ्यायला ती वस्ती माहीत असावी लागते. ज्या घरातला मुलगा फादर होतो त्या घराचा मान काही वेगळाच. त्याच्या पहिल्या मिस्साला, म्हणजे तो स्वतः चालवतो त्या पहिल्या उपासनेला, आई पुढच्या बाकावर बसते, सगळी वस्ती तिच्याकडे बघते. ज्युडच्या गल्लीतून कितीतरी वर्षांत कोणी फादर झाला नव्हता. फिलोमावशी आयुष्यभर मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बाजार फिरलेल्या. त्यांच्या कानावर हा शब्द आला आणि त्यांची चालच बदलली. त्या ज्युडला काही विचारेनाशा झाल्या, हे सगळ्यात वाईट. चर्चच्या फादरनी मात्र त्याला सरळ विचारलं होतं, तुला आतून वाटतं का? तो म्हणाला, माहीत नाही. फादर म्हणाले, सेमिनरीत, फादर घडवणाऱ्या शाळेत, जाऊन शोध, बळजबरी नाही. माणूस भला होता, खोटं काहीच बोलला नाही. सगळेच भले होते. भरतीच्या वेळी वाळूवर उभ्या माणसाला चोहीकडून सावकाश पाणी यावं, तसं ते आलं. कोणी त्याला ढकललं असं मला आजही म्हणता येत नाही.

निकालानंतर तो सेमिनरीत निघाला, तेव्हा गल्लीत बँड लावला होता. बायका नाचल्या, फिलोमावशी सगळ्यांत पुढे. ज्युडच्या गळ्यात झेंडूचा हार, चेहऱ्यावर ते ओशाळं हसू. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, खरंच जायचंय ना? तो म्हणाला, “अरे, पहिल्यांदा कोणीतरी एवढं खूश झालंय माझ्यावर. जाऊन तर बघू.” दुमिंगकाका होडीजवळ उभे होते. ते बँडकडे आलेच नाहीत. मी निरोप घ्यायला गेलो तर म्हणाले, होडीवरचा एक हात कमी झाला. बस, तेवढंच. मला त्या दिवशी विनाकारण थंडी वाजल्यासारखं झालं. घरी येऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, उन्हात फिरलास, दुसरं काय.

पुढची वर्षं तो सुट्टीत भेटायचा. आता तो ब्रदर ज्युड होता, सेमिनरीत शिकणाऱ्यांना तसंच म्हणतात. पांढरा झगा त्याला शोभायचा, हे मान्य करायला हवं. बंदरावरून चालला की म्हातारी माणसंसुद्धा उठून उभी राहायची आणि तो अंग चोरायचा. दर सुट्टीत थोडा बारीक झालेला असे. अभ्यास जमतोय, लोक चांगले आहेत, जेवण चांगलं आहे, असं सांगायचा, आणि सांगता सांगता मध्येच थांबून कुठेतरी बघत राहायचा... मला ते थांबणं आवडायचं नाही. एकच गोष्ट तो रंगून सांगायचा. तिथे मुलांचे केस कापणारा एक ब्रदर सोडून गेला आणि त्याची कात्री ज्युडच्या हातात आली. आधी त्याने दोघा-तिघांची डोकी पार बिघडवली. मग हात बसला.

यंदा सणाच्या थोडं आधी तो अचानक आगाशीला आमच्याकडे आला. झगा नव्हता, साधा शर्ट होता. म्हणाला, बस, तुझ्या डोक्याची काय दशा केलीये ती बघवत नाही. मागच्या अंगणात केळीजवळ स्टुलावर बसवून त्याने माझे केस कापले. त्याचा हात इतका हलका होता की मला पेंग यायला लागली. आणि तेवढ्यात तो मागून म्हणाला, “माझं ठरलं.”

काय ठरलं, हे विचारायला मी मान वळवली तर त्याने डोकं धरून सरळ केलं. “हेच. केस कापायचे. बोळिंजला नव्या बिल्डिंगींच्या खाली एक गाळा बघून आलोय. हसू नको, कान कापला जाईल.” मी हसत नव्हतो. बी.एस्सी. झालेला, झग्यातला ब्रदर, सलून टाकणार! तो सांगत राहिला. सेमिनरीत तो बोलून आला होता, त्यांनी आशीर्वाद देऊन मोकळं केलं होतं. म्हणाला, “माणूस खुर्चीत बसतो तेव्हा वैतागलेला असतो. उठताना आरशात बघतो आणि त्याला जरा बरं वाटतं. मला तेवढंच पाहिजे रे. कॉलेजात हे कोणी पर्याय म्हणून सांगितलंच नाही.” घरी सांगितलंस का, असं मी विचारलं. कात्री थांबली. “सणानंतर सांगायचंय सगळ्यांना,” तो म्हणाला. आत्ताच का नाही, म्हटल्यावर एवढंच म्हणाला की सणात बरं दिसत नाही, आणि इतकी वर्षं लोक त्याच्यासाठी थांबले, आता तो थोडा थांबेल. मी त्याला इतका सुखी कधी बघितला नव्हता. तरी तो वाडीच्या वाटेने गेला तेव्हा मी फाटकाशी बराच वेळ उभा राहिलो. मनात काहीतरी टोचत होतं.

सण येईपर्यंत त्याला काम नव्हतं. काकांचा एक खलाशी गावी गेलेला, होडीवर माणूस कमी. ज्युड म्हणाला, मी येतो. त्या पहाटे समुद्रात, सुटून वाहत आलेल्या कुठल्यातरी जाळ्याचा दोर होडीच्या पाण्याखालच्या पंख्यात अडकला आणि इंजिन बंद पडलं. असं होतं तेव्हा कोणीतरी सुरी घेऊन पाण्यात उतरतो आणि दोर कापतो, त्यात काही विशेष नाही. काका उतरत होते. ज्युडने त्यांना बाजूला केलं. त्याने दोर कापला, तो मोकळा झालेला काकांना वरून दिसला. तो स्वतः वर आला नाही. पाण्याची ओढ जबर होती.

त्याला पांढरा झगा घालून ठेवलं होतं. सणाच्या दिवशी आल्टरवर, वेदीपाशी, घालायचा म्हणून फिलोमावशींनीच इस्त्री करून ठेवलेला. पताकांखालून शवपेटी गेली. येणारा प्रत्येक माणूस म्हणत होता की देवाचा होता, देवाने नेला, आणि त्या वाक्याने घरातल्यांचा श्वास थोडा मोकळा होताना मी बघत होतो. मला मात्र ओरडावंसं वाटत होतं की हा झगा याने सोडलाय. हे मला एकट्यालाच माहीत आहे असं मी समजत होतो. मी गप्प राहिलो. त्या आईकडून तेवढा आधार कोण काढून घेणार?

दोनेक आठवड्यांनी मावशी आगाशीच्या बाजाराला आल्या, तशा आमच्या घरी आल्या. पाटी ओट्यावर ठेवली, आईने दिलेलं पाणी प्यायल्या आणि आई आत गेल्यावर म्हणाल्या, “तुला त्यानं सांगितलेला ना?” मला खोटं बोलता आलं नाही. त्या मान हलवत राहिल्या. “मना बी सांगितलेला. आल्या दिवशीच. मीच बोलली त्याला, सन होव दे, मंग सांग सगल्यांना. येकदा आल्टरवर उभा रा, मना बघू दे.” मग पाटीवरचा ओला फडका सारखा केला. “तो ‘नाय’ बोलला नाय. कवाच ‘नाय’ बोलला नाय.”

थांबला नसता तर तो तेव्हा बोळिंजला गाळ्याची साफसफाई करत असता, होडीवर नसता. हे त्यांना कळत होतं, मलाही कळत होतं, आणि दोघांनीही ते उच्चारलं नाही. त्या आल्या होत्या वेगळ्याच कामासाठी. कबरीवर लावायच्या संगमरवरावर लोक ‘ब्रदर ज्युड’ कोरायला सांगत होते. काय करू, असं त्या मला विचारत होत्या. मी म्हणालो, “लिहू द्या मावशी. काकांना बरं वाटेल, लोकांनाही.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पाटी उचलली आणि गेल्या. मला वाटलं, पटलं असावं.

महिन्याच्या मिस्सानंतर आम्ही कबरीवर गेलो. घरचे, थोडे नातेवाईक, शेजारपाजारच्या बायका. मेणबत्त्या लावल्या. दगडावर नुसतं ‘ज्युड’, खाली आईबापाची नावं. बायकांची कुजबुज सुरू झाली, कोरणाऱ्याची चूक, परत द्यायला हवा. दुमिंगकाका वाकून बघत म्हणाले, ब्रदर लिहायचं राहिलं.

“ऱ्हायला नाय,” मावशी सगळ्यांदेखत म्हणाल्या. “त्यानं सोडलेला. मना सांगितलेला त्यानं, मीच त्याला थांबवला.”

मावशी काकांकडे बघत होत्या, जे काही येईल ते घ्यायला तयार असल्यासारख्या. वाकलेले काका सरळ झाले.

“मंग काय करनार व्हता तो?”

“केस कापनार व्हता. बोळिंजला.”

काकांचा हात हळूहळू मानेमागे गेला. केस कॉलरवर उतरले होते. सणासाठी म्हणून ज्युडने कापले होते, त्यानंतर ते कोणापुढे बसले नव्हते. ते तसेच उभे राहिले, बोटांनी ती कड चाचपत.

“चांगलं कापायचा,” ते म्हणाले.