आठव्या दिवसाचा ओटा

कृष्णनाथ माझा शेजारी. पंचवीस वर्षं त्याने खनिजाचा ट्रक चालवला. खाणी बंद पडल्या तसा डिचोलीकडच्या एका कचरा प्रकल्पात कामाला लागला. कचऱ्याच्या ढिगातून झिरपणारं काळं, घाणेरडं पाणी तिथे गोळा करतात, त्यात पाडलेल्या घरांचा चुरा, चुना आणि सिमेंट कालवून ठोकळे पाडतात. एकदा ठोकळा पक्का झाला की आतली घाण बाहेर यायचं नाव नाही, असं तो छाती फुगवून सांगायचा. आम्ही त्याला ‘काळ्या पाण्याचा गवंडी’ म्हणून चिडवायचो.

अट एकच. ठोकळा अठ्ठावीस दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवायचा, मग पाण्यात बुडवून तपासायचा. तपासणारी प्रिया त्याच्या लेकीच्या वयाची, पण या बाबतीत कुणाचं ऐकत नसे.

गेल्या वर्षी शिरगावची जत्रा तोंडावर आली आणि आमच्या वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीच्या, विहिरीचा ओटा खचला. लईराई देवीचे धोंड, म्हणजे जत्रेत निखाऱ्यांवरून चालणारे भक्त, व्रताच्या दिवसांत तिथेच आंघोळी करतात. कृष्णनाथ स्वतः धोंड. प्रकल्पात ठोकळ्यांचा नवा पाड आठ दिवसांचा झाला होता. त्याने हातोडी मारून बघितली, आवाज खणखणीत आला. जांभ्या चिऱ्याची पारख आवाजावर होते, मग याची का नको? प्रियाला न विचारता साठ ठोकळे टेम्पोत घातले आणि एका दिवसात ओटा बांधला.

“बरां केलंस रे,” म्हातारे बाबाजी म्हणाले. मीही त्या ओट्यावर बसून चहा प्यायलो. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

पाच दिवस धोंडांनी घागरींवर घागरी ओतल्या. जत्रा झाली. पंधरवड्याने त्याची बायको पार्वती कळशी घेऊन परत आली. “पाण्याक कसलोसो वास येता,” ती म्हणाली. कृष्णनाथने नुसता वास घेतला. तो वास त्याच्या रोजच्या ओळखीचा होता.

बाटली भरून तो प्रियाकडे गेला, सगळं कबूल केलं. तपासणीनंतर ती एवढंच म्हणाली, “काका, हें पाणी कोणाकूच पिवंक दिवं नाका.”

त्याने ओटा उखडला, खालची मातीही खणून काढली. पंप लावून विहीर तीनदा उपसली. वास गेला नाही. वाड्यावर कुणी त्याला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. बायका टँकरच्या रांगेत उभ्या राहतात, तो जवळून गेला की गप्प होतात.

जत्रा पुन्हा आली. धोंड दुसऱ्या वाड्यावर आंघोळीला गेले. कृष्णनाथ गेला नाही. दिवसभर एकटाच रहाट ओढून पाणी उताराला ओतत होता. संध्याकाळी मी त्याचा हात धरला, “आता पुरे.”

“तळ दिसलो होतो,” तो म्हणाला. “दुपारी दिसलो होतो.”

मी वाकून बघितलं. खालचे झरे आमचे जुने, भरवशाचे. विहीर पुन्हा अर्धी भरली होती.