खाडीवरून आलेली हाक

परवा मासळी बाजारात चिंबोऱ्यांजवळ खाडीच्या चिखलाचा वास आला आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षातली ती संध्याकाळ आठवली. वर्गातल्या मुलींबरोबर मी रेवदंड्याच्या किल्ल्यात एका वाटाड्याकडून भुतांच्या गोष्टी ऐकत फिरायला गेले होते. अंधार पडत होता, तटाच्या दगडांना मात्र अजून दिवसाची ऊब होती. वाटाड्याने तोंडावर बोट ठेवून आम्हाला गप्प केलं आणि खाली ओहोटीच्या चिखलात सरकणारा एक दिवा दाखवला. "पोर्तुगीज शिपाई. अजून पहारा देतोय," तो कुजबुजला. शेजारची मला चिकटली. "ए, तू इथलीच ना गं? खरंय का हे?" ते माझे बाबा होते, चिंबोऱ्या धरायला आलेले. त्यांचं ते वाकून चालणं मी कुठेही ओळखलं असतं. मी म्हणाले, "मला नाही माहीत." तेवढ्यात खालून हाक आली, "कोन हाय रं वर?" आमच्याकडे अंधारात हाक आली की माणसाने ओ द्यायची, ओ आली नाही, तर ते माणूस नव्हे असं समजून मागे फिरतात. बाबांनी तीनदा हाक मारली. वरून कुणीच ओ दिली नाही. मीही दिली नाही. दिवा जरा थांबला, मग वळला. घरी पोचले तेव्हा बाबा रिकाम्या हाताने परतले होते आणि पुन्हा चपला घालत होते. "आज किल्ल्यावर कायतरी हाय," ते आईला सांगत होते, "पोर त्याच वाटेनं येनार, सामोरा जातो." तिथे मीच होते, हे त्यांना मी अजून सांगितलेलं नाही.