दाराला कुलूप, आत पंखा

मला मेलीला नाक खुपसायची खोडच. शिरूरच्या आमच्या चर्चच्या मंडळीतर्फे घरभेटीला जायचे ते निम्मं सेवेसाठी आणि निम्मं कुणाच्या घरात काय शिजतंय ते बघायला. खोटं कशाला बोलू?

तेव्हा मोबाइल आमच्यात कुणाकडं नव्हता. दर गुरुवारी दुपारी आम्ही सातआठ बायका एखाद्या घरी जायचो, गीतं म्हणायचो, बायबलातलं वचन वाचायचो, प्रार्थना करून चहा घेऊन निघायचो. खंजिरी माझ्याकडं. सणसवाडीला भाड्याच्या खोलीत राहणारी जालन्याकडची एक बहीण चर्चला नव्यानं यायला लागली होती, म्हणून काही आठवडे तिच्याकडंच जायचं ठरलं. नवरा कंपनीत कामाला. तो काही चर्चला यायचा नाही, आम्ही गेलो की पडद्याआड असायचा; त्याच्याही कानावर पडावं म्हणून आम्ही तिथं जरा जोरातच गायचो.

दोन भेटी झाल्या. तिसऱ्या गुरुवारी दाराला कुलूप. चौथ्यालाही तेच.

"विश्वासात थंड पडली," आमच्यातल्या थोरल्या मावशी म्हणाल्या, "नवऱ्यानं फितवली असंल."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मात्र खिडकीला कान लावला. आत पंखा गरगरत होता, दाराशी पुरुषाचे बूट होते. बाहेरून कुलूप आणि आत माणूस, हा काय प्रकार? दोन दिवस मला अन्न गोड लागेना.

शनिवारी दुपारी एकटीच एस.टी.त बसले. ती दारासमोर पायरीवर तांदूळ निवडत होती. कुलूप तसंच. मला बघून तिचा चेहरा पडला, तिनं तोंडावर बोट ठेवलं.

"ताई, हळू. ह्यांची नाईट हाय. दिवसा झोपत्यात, आन् खोली एकच. तुम्ही गायला लागला की उठून बसत्यात. मागं मशीनवर डुलकी लागली. साहेब म्हणला, पुन्हा दिसलं तर येऊ नको कामावर."

"अगं, मग सांगायचं नाही का?"

"प्रार्थनेला नको कसं म्हणू? म्हणून कुलूप लावून शेजारी जाऊन बसती. एरवीबी कुणी दार वाजवू नये म्हणून ते तसंच ठेवती."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आम्ही त्या माणसाच्या पोटावर उठलो होतो, तेही खंजिरी वाजवून! तिचं सूप ओढलं आणि तिच्याबरोबर खडे वेचायला बसले. ती हळूहळू बोलायला लागली. पोरगी गावी आजीकडं ठेवलीय, इथं शेजारणी परप्रांतातल्या, त्यांची भाषा कळत नाही, गुरुवारी आम्ही यायचो तेवढंच तिला माहेर वाटायचं. दोन भेटींत यातलं काहीच मला कळलं नव्हतं. निघताना तिचा हात धरून कुजबुजत प्रार्थना केली: देवा, ह्या माणसाला झोप दे, त्याची नोकरी राख.

"कुलूप काढ गं," आतून आवाज आला.

तो बाहेर आला, डोळे लालभडक. म्हटलं, आता घेतो हा मला फैलावर!

"चहा टाक," तो बायकोला म्हणाला. मग माझ्याकडं वळला. "ताई, एक इचारू? रविवारी माझी सुट्टी असती. ही एकटीच येती तुमच्यात. तुम्ही एवढ्या जणी घरी येऊन गेला, पर मला कुणी 'चला' का म्हणलं न्हाई?"

तोंडात मारल्यासारखं झालं मला. दुसऱ्या दिवशी रविवारच होता. "चला हो दादा," एवढंच कसंबसं म्हटलं.